सां-त्रोपेचा तांबडा बोया

हा अंक हाती आहेच, तर त्यातले एखादे रंगीत चित्र घ्या आणि त्यावर आजोबांचे वाचावयाचे भिंग धरा. मघाशी जे पान हिरवेगार दिसत होते तेथे पान नाहीसे होते आणि अस्मानी, किरमिजी, पिवळ्या व काळ्या अशा चारच शायांचे बारीक ठिपके रांगेने उभे असलेले दिसतात. हिरवी शाई छापखान्यात नव्हतीच. छापखान्यातील मंडळींना यात काही नवल वाटत नाही. पूर्वी जस्ताच्या ठोकळ्यांवरून छपाई होई तेव्हाही हेच चालत असे, आणि आज मुलांच्या हातातील मोबाइलच्या पडद्यावर तांबड्या, हिरव्या व निळ्या कणांचा हाच खेळ अष्टौप्रहर चालू असतो. परंतु यंत्राच्या साहाय्यावाचून, हाती कुंचला घेऊन, एकेक ठिपका ठेवीत कोणी हेच काम वर्षानुवर्षे केले असेल, तर त्या माणसाविषयी कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही.

पॉल सिन्याक हा फ्रेंच चित्रकार तसा माणूस होता. ‘तांबडा बोया’ या नावाचे त्याचे एक चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. साल १८९५. उंची ८१ सेंटिमीटर, रुंदी ६५. म्हणजे आपल्याकडच्या दिवाणखान्यातही सहज मावावे एवढेच. विषय म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. भूमध्य समुद्राच्या काठचे सां-त्रोपे हे लहानसे बंदर, धक्क्याला लागून उभी असलेली घरे, काही होड्या, आणि चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापून राहिलेले पाणी. उन्हाने तापलेल्या भिंतींची नारिंगी-पिवळी प्रतिबिंबे त्या पाण्यात नागमोडी होऊन खाली उतरली आहेत. आणि अगदी पुढे, निळ्या-हिरव्या पाण्यात, हिंगुळासारखा लालभडक असा एक बोया तरंगतो आहे. कोकणातल्या कोळ्याच्या पोरालासुद्धा जी वस्तू दाखवून देण्याची गरज नाही अशी ती वस्तू. पण एकदा पाहिल्यावर डोळा तिच्यावरून हलत नाही. असे का व्हावे, याची हकीकत बरीच लांबची आहे. ती चित्रकाराच्या घरात सुरू होत नाही. विणकरांच्या कारखान्यात सुरू होते.

पॅरिसमध्ये गोब्लँ या नावाचा सरकारी कारखाना होता. तेथे राजवाड्यांच्या भिंतींवर टांगावयाचे चित्रपट विणले जात. १८२४ साली तेथील रंगखात्यावर मिशेल शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. त्याच्याकडे एक तक्रार आली : काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो मेल्यासारखा दिसतो. शव्रलने सूत तपासले, रंग तपासला, दुसरीकडच्या काळ्या सुताशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती! निळ्याच्या शेजारी ठेवलेला काळा आपला काळेपणा घालवून बसतो. दोन रंग एकमेकांशेजारी आले की ते एकमेकांना बदलतात. विरुद्ध असतील तर एकमेकांस भडकावतात, जवळचे असतील तर एकमेकांचे तेज हरण करतात. हा नियम त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहून सांगितला. आपल्याकडे पैठणी विणणाऱ्याला ही गोष्ट कोणी ग्रंथातून शिकवावी लागली नसती. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि नेसणारी वळली की लुगड्याचा रंग वळतो. परंतु हाताला ठाऊक असलेली गोष्ट नियमात बांधली गेली की तिला वेगळेच पाय फुटतात.

शव्रल १०२ वर्षे जगला. १८८४ साली, त्याचे वय ९७-९८ असताना, वीस वर्षांचा सिन्याक त्याला जाऊन भेटला होता. त्याच वर्षी पॅरिसच्या काही चित्रकारांनी परीक्षकमंडळ नाही आणि पारितोषिकेही नाहीत असे ‘स्वतंत्र कलावंतांचे’ प्रदर्शन उभारले, आणि तेथे सिन्याकची झॉर्झ सरा या आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या चित्रकाराशी ओळख झाली. दोघांचे स्वभाव अगदी निराळे होते. सिन्याक खोगिरे व घोड्यांचे साज विकणाऱ्या सधन दुकानदाराचा मुलगा, बोलका, भांडखोर, हौशी. सोळा वर्षांचा असताना दृक्प्रत्ययवाद्यांच्या प्रदर्शनात तो देगाच्या चित्राची नक्कल करीत उभा होता म्हणून गोगँने त्याला बाहेर काढले होते. नावांचीही त्याला मोठी हौस. आपल्या पहिल्या होडीचे नाव त्याने ‘माने-झोला-वाग्नर’ ठेवले होते, म्हणजे एक चित्रकार, एक कादंबरीकार आणि एक संगीतकार अशा तिघांना त्याने एका लहानशा होडीत बसविले! सरा मात्र अबोल, काटेकोर, दार लावून काम करणारा. शव्रलचा ग्रंथ आणि ऑग्डेन रूड या अमेरिकन शास्त्रज्ञाचे रंगविज्ञानावरील पुस्तक वाचून त्याने ठरविले, की रंग पाटीवर कालवावयाचेच नाहीत. पाटीवर कालवले की ते मळतात. शुद्ध रंगांचे ठिपके कॅनव्हासवर शेजारी-शेजारी ठेवावे, आणि कालवण्याचे काम लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवावे. या रीतीने त्याने सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे एक चित्र केले. ‘ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार’ हे ते चित्र १८८६ च्या मे महिन्यात दृक्प्रत्ययवाद्यांच्या अखेरच्या प्रदर्शनात मांडले गेले. लोक हसले. फेलिक्स फेनेओं नावाचा एक तरुण टीकाकार मात्र हसला नाही. त्याने या पंथाला नाव दिले आणि त्याची शास्त्रीय मीमांसा लिहिली. वयाने पंचावन्नाच्या पुढे गेलेला वृद्ध पिसारोदेखील काही काळ या तरुणांचा शिष्य झाला, ही गोष्ट मला नेहमी फार हृद्य वाटते.

परंतु २९ मार्च १८९१ रोजी सरा वारला. आजार थोड्याच दिवसांचा, वय अवघे एकतीस. पंधरा दिवसांत त्याचा तान्हा मुलगाही गेला. त्याच्या कलागृहातल्या चित्रांची मोजदाद करावयास जे तीन मित्र बसले ते म्हणजे फेनेओं, चित्रकार ल्यूस आणि सिन्याक. ज्याने पद्धती शोधली तो गेला. पिसारो तर आधीच कंटाळून जुन्या वाटेला लागला होता. ठिपक्यांचा हा पंथ आता संपला असेच पॅरिसमध्ये पुष्कळांना वाटत होते. पंथ चालवावयाचा की सोडावयाचा, हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांच्या सिन्याकपुढे येऊन पडला.

त्याने पॅरिस सोडले. १८९२ च्या वसंतात तो ‘ऑलिंपिया’ नावाच्या आपल्या शिडाच्या होडीतून ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून निघाला, बोर्दोपर्यंत समुद्राने आला, आणि तेथून कालव्याच्या वाटेने फ्रान्सची कंबर ओलांडून भूमध्य समुद्रात उतरला. हा कालवा सतराव्या शतकात खणलेला. याच किनाऱ्यावर त्याचा चित्रकार मित्र क्रॉस आदल्या वर्षी राहावयास आला होता आणि त्याने इकडच्या उजेडाचे वर्णन लिहून धाडले होते. मे महिन्यात ‘ऑलिंपिया’ने सां-त्रोपेत नांगर टाकला. आपल्या आयुष्यभराला पुरेल एवढे काम मला येथे सापडले आहे, अशा अर्थाचे पत्र सिन्याकने आईला लिहिले.

तेव्हाचे सां-त्रोपे म्हणजे तीन-चार हजार वस्तीचे गाव. आगगाडीचा मोठा रस्ता आतल्या बाजूने गेलेला, त्यामुळे श्रीमंत पाहुणे नीसला व कानला उतरत आणि इकडे कोणी फिरकत नसे. मासे धरावे, बुचे कापावी, गलबते बांधावी, हा गावाचा धंदा. आपल्याकडच्या फत्तेमाऱ्यांप्रमाणे तिकोनी शिडाची ‘तार्तान’ नावाची मालवाहू गलबते बंदरात येऊन लागत. या बंदराचे तोंड उत्तरेकडे आहे. त्या किनाऱ्यावर ही मोठी दुर्मीळ गोष्ट समजतात. तेथला ‘मिस्त्राल’ वारा सुटला की बंदराची त्रेधा उडते. पण संध्याकाळी उतरते ऊन थेट धक्क्यावरच्या घरांवर येते आणि भिंती केशरी होतात. चित्रातली ती प्रतिबिंबे तेथून आली आहेत.

गावाचे नाव तोर्पेस या संतावरून पडले. आख्यायिका अशी, की तो नीरो बादशहाच्या पदरी असलेला पीसाचा सरदार. ख्रिस्ती झाला म्हणून त्याचे शिर उडविले आणि धड एका होडीत घालून, सोबत एक कुत्रा आणि एक कोंबडा देऊन समुद्रात सोडून दिले. कुत्रा-कोंबड्याने प्रेताचे लचके तोडावे असा बेत होता. पण त्यांनी त्याला तोंड लावले नाही आणि होडी या किनाऱ्याला लागली. त्या संताच्या स्मरणार्थ दरसाल मेच्या मध्यावर गावकरी जुने गणवेश चढवून बंदुकांचे बार काढीत मिरवणूक काढतात.

धक्क्यावर एक पुतळा आहे, त्याचा संबंध मात्र थेट आपल्या इतिहासाशी पोचतो. हा पुतळा स्युफ्रां या दर्यासारंगाचा. त्याचे घराणे सां-त्रोपेचे जहागीरदार. १७८२ आणि १७८३ या दोन वर्षांत मद्रासच्या किनाऱ्यापासून सिंहलद्वीपापर्यंत पाच वेळा त्याने इंग्रजांच्या एडवर्ड ह्यूजशी आरमारी लढाई दिली, आणि १७८२ च्या जुलैत कडलूरला हैदरअलीची भेट घेतली. हा तोच काळ, की जेव्हा नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध जमविलेल्या फळीतून मराठे बाहेर पडत होते. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी ठरला होता, आणि नाना त्यावर शिक्कामोर्तब करावयास वेळ लावीत होते. मराठे दूर होत असताना फ्रेंच आरमार हैदराच्या मदतीला येऊन पोचले, असा तो विलक्षण योग. सां-त्रोपेच्या लोकांनी १८६६ साली हा पुतळा उभारला. म्हणजे सिन्याक होडी बांधून धक्क्यावर चढला तेव्हा स्युफ्रां तेथे उभाच होता.

आता पुन्हा त्या बोयाकडे वळू. सां-त्रोपेला आल्यावर सिन्याकने कामाची रीत बदलली. उघड्यावर बसून तैलचित्र पुरे करण्याचे त्याने सोडले. बंदरात हिंडून तो जलरंगांत झटपट टिपणे घेई आणि चित्र घरात बसून, विचारपूर्वक रचीत असे. ‘तांबडा बोया’ असा रचलेला आहे. शेंदरी रंगाच्या विरुद्ध निळा-हिरवा. नारिंगीच्या विरुद्ध निळा. शव्रलचा नियम येथे अक्षरशः पाळला आहे. बोया लाल आहे म्हणून तेवढा पेटलेला दिसत नाही, भोवतीचे पाणी त्याच्या उलट्या रंगाचे आहे म्हणून तो पेटतो. तोच बोया पिवळ्या वाळूवर काढला असता तर कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नसते.

परंतु सराच्या सिद्धान्ताचा दुसरा भाग, म्हणजे ठिपके डोळ्यांत मिसळतात आणि त्यामुळे रंग अधिक तेजस्वी होतो, हा भाग येथे पाळलेला आहे काय? सिन्याकपुढची खरी अडचण हीच होती. मुलांची कागदी भिंगरी अर्धी पिवळी आणि अर्धी गडद निळी रंगवून जोरात फिरवा. हिरवी दिसेल अशी आपली अपेक्षा असते. दिसते ती राखाडी. छपाईच्या शाया पारदर्शक असतात व एकीवर एक चढतात, म्हणून अंकातले पान हिरवे होते. शेजारी-शेजारी ठेवलेल्या जाड तैलरंगांना ते साधत नाही. ठिपके इतके बारीक केले की ते खरोखरच डोळ्यांत मिसळावे, तर विरुद्ध रंग एकमेकांना मारून टाकतात आणि लांबून सगळे धुळकट दिसते. पाटीवर कालवल्याने होतो तेवढा काळोख होत नाही, हे खरे. परंतु ज्या झळाळीसाठी एवढा खटाटोप केला ती काही हाती येत नाही. त्यातच ‘ग्रांद जात’मध्ये सराने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग थोड्याच वर्षांत तपकिरी पडू लागला होता. रसायनशास्त्रावर एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाला रसायनानेच दगा दिला.

सिन्याकच्या डोळ्यांना हे दिसत होते. १८९४ च्या सुमारास तो आपल्या रोजनिशीत या धुळकटपणाविषयी, बारीक ठिपक्यांनी रंग कसा फिका पडतो याविषयी लिहू लागला. मित्राचे बोट सोडावयाचे नाही आणि डोळ्यांना जे दिसते ते नाकारावयाचेही नाही! त्याने हळूहळू ठिपका मोठा केला. ‘तांबडा बोया’तल्या पाण्याजवळ जाऊन पाहावे, तेथे गोल टिंब राहिलेले नाही, आडवे फटकारे आले आहेत. ते लांबूनही पुरते विरघळत नाहीत. निळा निळाच राहतो, नारिंगी नारिंगीच राहतो, आणि दोघे एकमेकांना सारखे डिवचीत असल्यामुळे पाणी हलते आहे असा भास होतो. सिद्धान्ताच्या अर्ध्या भागाला रजा दिली म्हणून हे चित्र साधले, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या दहा वर्षांत हे फटकारे मोठे होत होत फरशीच्या तुकड्यांएवढे झाले. सिन्याकने स्वतः मात्र सराला सोडले असे कधीही म्हटले नाही. १८९९ साली त्याने देलाक्र्वापासून आपल्या पंथापर्यंतचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यात त्याचे सांगणे असे, की ठिपके देणे हे आमचे तत्त्वच नव्हे. रंग वेगळे ठेवणे हे तत्त्व आहे. वकिलाने अशिलाचा बचाव करताना मूळ जबानीच थोडी फिरवून घ्यावी, त्यातला हा प्रकार. पण त्या पुस्तकाने सराचे नाव टिकविले.

हे चित्र शांत दिसते, पण ते ज्या दिवसांत आकाराला आले ते दिवस शांत नव्हते. सिन्याक व त्याचे मित्र अराजकवादी मताचे होते. २४ जून १८९४ रोजी फ्रान्सचा अध्यक्ष कार्नो याचा एका अराजकवाद्याने खून केला. ल्यूस तुरुंगात गेला. फेनेओंवर त्याच वर्षी इतर एकोणतीस जणांबरोबर खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. सिन्याक इकडे सां-त्रोपेत एक प्रचंड चित्र रंगवीत होता. समुद्राकाठी झाडांच्या सावलीत कामकरी माणसे फळे तोडताहेत, वाचताहेत, चेंडूंनी खेळताहेत. त्याचे मूळ नाव ‘अराजकाच्या काळात’ असे होते. ते दिवस पाहून त्याने ते बदलले आणि ‘सुसंवादाच्या काळात’ असे ठेवले. सुवर्णयुग मागे नाही, पुढे आहे, असा त्याचा आशय. ब्रुसेल्सच्या लोकगृहाला ते द्यावे असे त्याच्या मनात होते, ते जमले नाही. आज ते पॅरिसजवळ माँत्रई येथील नगरभवनात आहे. मला विचाराल तर मोठ्या चित्रातल्या सगळ्या सुखी माणसांपेक्षा लहान चित्रातला एकटा बोया अधिक खरा आहे.

१८९७ साली सिन्याकने सां-त्रोपेत ‘ला युन’ नावाचे घर विकत घेतले. मित्रमंडळी येऊ लागली. १९०४ च्या उन्हाळ्यात आँरी मातीस सहकुटुंब आला. त्या सहवासातून त्याने ठिपक्यांच्या पद्धतीने एक चित्र केले, ते सिन्याकने पुढच्या वर्षी विकत घेऊन आपल्या जेवणघरात टांगले. शिष्य मिळाला असे त्याला वाटले असणार. पण मातीस त्याच उन्हाळ्यात कोलियूर या दुसऱ्या लहान बंदरात गेला आणि तेथे त्याने ठिपके सोडून भडक रंगांचे पट्टेच्या पट्टे ओढावयास सुरुवात केली. गंमत अशी, की १८८७ साली सिन्याकने भूमध्य समुद्र पहिल्यांदा रंगविला तो याच कोलियूरला.

सिन्याकने आयुष्यात तीसहून अधिक होड्या बाळगल्या. १९०८ पासून तो त्या परीक्षकमंडळ नसलेल्या स्वतंत्र प्रदर्शनाचा अध्यक्ष होता, आणि ते पद त्याने पाव शतकाहून अधिक काळ सांभाळले. १९२९ साली, पासष्टी उलटल्यावर, फ्रान्सची बंदरे जलरंगांत चितारण्याचे काम त्याने अंगावर घेतले आणि सुमारे शंभर बंदरे फिरून ते पुरे केले. त्या चित्रांत ठिपके नाहीत. पेन्सिलीच्या चपळ रेघा आणि त्यांवर ओला रंग. ज्या टिपणांवरून पूर्वी तो चित्रे रचीत असे, ती टिपणेच आता चित्रे झाली होती.

१५ ऑगस्ट १९३५ रोजी तो पॅरिसला वारला. बरोबर नऊ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४४ रोजी, दोस्तांच्या फौजा प्रोव्हाँसच्या किनाऱ्यावर उतरल्या. जर्मनांनी सां-त्रोपेच्या बंदरात आधीच सुरुंग पेरून ठेवले होते. ते उडाले. धक्का उखडला, आणि ज्या घरांची प्रतिबिंबे सिन्याकने पाण्यात पाहिली होती ती घरे ढिगाऱ्यात गेली. युद्धानंतर गावाने त्याच जागी, जुन्या धर्तीवर, तशाच पिवळ्या-केशरी भिंतींची घरे पुन्हा बांधली. म्हणून आज तेथे जाणारा प्रवासी चित्र आठवून धक्क्याकडे पाहतो आणि सगळे जसेच्या तसे आहे असे समजतो. वास्तविक ती घरे चित्राहून पन्नास वर्षांनी लहान आहेत.

बंदराजवळच सोळाव्या शतकातले एक प्रार्थनामंदिर आहे. १९५५ साली तेथे संग्रहालय उघडण्यात आले, आणि सिन्याक, क्रॉस, मातीस या मंडळींची चित्रे त्या भिंतींवर लागली. १९६१ च्या जुलै महिन्यात एका रात्री चोरांनी त्यांतली ५७ चित्रे पळविली. पुढच्या वर्षी ती सापडली, आणि पुन्हा आपापल्या खिळ्यांना टांगण्यात आली.